ज्वारीवर ज्वारी

आता पीठ पिशवीत मिळतं, त्यामुळे माझ्या सुनांना गिरणीची रांग ठाऊक नाही. नाही ठाऊक ते बरंच आहे. आमच्या वेळी गिरणीत नुसता डबा नेऊन ठेवला की काम झालं, असं नसायचं. आपल्या पुढं कुणाचा डबा आहे आणि त्यात काय आहे, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागायचं. कारण दगडात आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. बाजरीमागं गहू टाकला की चपात्या काळ्या झाल्याच म्हणून समजा. म्हणून गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी, ज्वारीवर ज्वारी. यावरून बायका कचाकचा भांडायच्या. एकीच्या घरचं थोडं पीठ दुसरीच्या घरी जायचंच, त्याला इलाज नव्हता, आणि त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही. म्हणजे, ठरावीक लोकांचं सोडून.

आमचं गाव चिंचवडच्या पलीकडं. गाव कसलं, अर्धं गाव आणि अर्धा कारखाना. जमिनी गेल्या होत्या. मामंजी ज्या कंपनीत वॉचमन होते ती त्यांच्याच बापजाद्यांच्या रानात उभी होती. जिथं त्यांनी औत धरलं तिथंच खाकी कपडे घालून ते साहेबांच्या गाडीला फाटक उघडायचे. घरी आले की मुकाट्यानं जेवायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. माझे मालक एका वर्कशॉपात लेथवर होते. गावातल्या लोकांनी गोठे पाडून तिथं खोल्या काढल्या होत्या आणि त्यांत कुठून कुठून आलेली माणसं भाड्यानं राहत होती, कोकणातली, परभणीकडची, नगरकडची. मी स्वतः दापोडीची, वडील वर्कशॉपात नोकरीला. सातवी पास म्हणून सासू मला उठता बसता "शहरातल्या बाई" म्हणून टोमणा मारायची.

सासूचं तोंड म्हणजे तोंड होतं! मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. उंच, हाडकुळ्या, नऊवारीचा कासोटा कसून मारलेला, आणि बोलायला लागल्या की समोरच्यानं वाट धरावी. पण कुणी असं समजू नका की त्या मोठ्या सुधारक होत्या. आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कानतुटका कप पालथा घातलेला असायचा. बौद्ध वस्तीतलं कुणी कामाला आलं तर त्यांना त्यातून चहा, आणि पिणाऱ्यानं तो स्वतः विसळून पालथा घालून जायचं. तुळशीला पाणी कधी घालायचं हे मला ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात हेही सांगितलं होतं. मीही ऐकून घेतलं. नव्या सुनेनं काय बोलायचं?

त्या वर्षी घरात एकच विषय होता, माझ्या नणंदेचं लग्न. मला एकच नणंद, मालकांच्या पाठची. रंगानं सावळी, दातांची ठेवण जरा पुढं, म्हणून पाहुणे बघून जायचे आणि निरोप यायचा नाही. पोरगी मनातून खचली होती. वरवर नुसतं फटकळ बोलायची, पण चुलीपुढं बसून रडताना मी तिला पाहिलं होतं. शेवटी एक स्थळ जुळलं. मुलगा चाकणकडचा, कंपनीत पर्मनंट, पिंपरीत खोली, खोलीत नळ. नळ ऐकून पोरीचं तोंड असं काही फुललं की काय सांगू! सुपारी फुटली, तारखेचं बोलणं चालू झालं. आणि हे स्थळ आणलं कुणी, तर आमच्या गिरणीवाल्यानं. तो आत्याबाईंचा चुलत दीर आणि मुलगा त्याच्या बायकोचा सख्खा भाचा.

गिरणीवाल्याची पद्धत अशी होती. बौद्ध वस्तीतल्या बायकांनी डबा आत आणायचा नाही, बाहेर दगडावर ठेवायचा. सगळ्या गावाचं दळून झालं की मग त्यांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी चालू केली की पहिल्यांदा तो आपल्या म्हशींसाठी भरड काढायचा. दगडात राहिलेलं पीठ भरडीबरोबर म्हशींच्या पोटात गेलं की दगड शुद्ध झाले, मग गावाचं दळण चालू. वस्तीतल्या बायका आता यायच्याच कमी, बऱ्याच जणी देहूरोडला माहेरी जाताना धान्य घेऊन जायच्या आणि तिकडून दळून आणायच्या. त्यांची पोरं कंपनीत सगळ्यांच्या बरोबरीनं मशीनवर उभी राहत होती, एका कँटीनला जेवत होती, आणि आईचा डबा मात्र गिरणीबाहेर उन्हात. पोरं धुसफुसत होती, पण गिरणी एकच आणि गिरणीचा मालक गावातला वजनदार माणूस.

मोठ्या दुष्काळानंतरचे ते दिवस. रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची, पण दुसरं होतं काय? वरून विजेची कपात. दुपार कलली की लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. ज्याचं दळण शेवटी, त्याचं दळण झालंच नाही असं समजायचं.

त्या दिवशी मी आणि आत्याबाई दोघी गिरणीत गेलो. आमच्या पुढं एक बाई उभी होती. ओळखीची नव्हती. पातळ विटलेलं, कपाळाला कुंकू, हातात पत्र्याचा डबा. तिचा नंबर आला. गिरणीवाल्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुला काल सांगितलं न्हवं? डबा भाईर ठिव. तुझं शेवटी."

बाई परभणीकडची होती, बोलण्यावरून कळत होतं. म्हणाली, "काल मी उशिरा आले म्हनून शेवटी, आसं वाटलं मला. थांबले तर लाईटच गेली. आज म्हनून पैल्यानं आले बगा."

बिचारीला काही माहीतच नव्हतं हो! तिला वाटलं रांगेचा प्रश्न आहे, लवकर आलं की झालं. नवरा कुठल्याशा फौंड्रीत रोजंदारीवर लागलेला, खोली घेऊन त्यांना आठवडाही झाला नसेल.

"लवकर-उशिराचं काय न्हाई त्यात," गिरणीवाला म्हणाला. "तुमी बौद्ध न्हवं का? तुमच्या लोकांचं शेवटीच असतं हितं."

"हाव, बौद्ध हावत आमी," ती म्हणाली. मान खाली घातली नाही तिनं. "पन शेवटी कामून?"

कामून! त्या गिरणीत हा प्रश्न कुणी विचारलेला मी तोवर ऐकला नव्हता. पट्टा धडधडत होता, तेवढाच आवाज. आम्ही सगळ्या बायका डबे धरून उभ्या, एकीच्याही तोंडातून शब्द नाही. माझ्याही नाही.

"लेकरं कालपसून भरडलेल्या कन्या खायलेत," ती म्हणाली. "धाकलं तर उपाशी निजलं. येवढं दळून द्या, मंग उद्यापसून काय आसंल ते बगू."

गिरणीवाल्यानं तिचा डबा पायानं ढकलला. जोरात नाही, आपण वाटेतली वस्तू सारतो तसा. पण झाकण सैल होतं, ते उडालं आणि ज्वारी फरशीवर सांडली. बाई खाली बसली आणि पिठाच्या धुळीतून दाणे गोळा करायला लागली. ते दाणे आत्याबाईंच्या पायापाशी आले होते.

"पाय कुनाला लावतोस रं?" आत्याबाई कडाडल्या. "अन्नाला लाथ मारतोस? लाज वाटती का तुला?"

"वयनी, तुमी ह्यात पडू नका. द्या तुमचा डबा."

"मी बरी देईन! तिचं टाक आदी. तिच्यावर माझं टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. गिरणीवाल्यालाही तसंच वाटलं असावं. तो म्हणाला, "अवो, काय बोलताय? दगडात ऱ्हातंय की तिचं. तुमच्यात उतरंल."

"उतरू दे. तिची बी मिलो, माझी बी मिलो. रेशनवाल्यानं एकाच पोत्यातनं घातलीया दोघींस्नी. ज्वारीवर ज्वारी चालती न्हवं तुझ्या गिरनीत?"

"बाटंल समदं, वयनी."

"सकाळच्या पारी भरड काढतोस ती कुनाला घालतोस?"

"म्हशीस्नी."

"आन् त्या म्हशीचं दूध कोन पितं? तू पितोस, मी पिते, ह्या हुब्या ऱ्हायल्यात त्या समद्या रतीबानं नेत्यात. म्हैस बाटत न्हाई, दूध बाटत न्हाई, आन् माझंच पीठ तेवढं बाटतंय व्हय रं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. गिरणीवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. मी आत्याबाईंचा पदर ओढत होते. माझ्या डोळ्यांपुढं नणंद उभी होती. काय गरज होती यांना! गावात भांडायला दुसरी माणसं कमी होती का, की नेमकं याच्याशी, नेमकं आत्ता? मला त्यांचा असा राग आला होता की तोंड दाबून घरी न्यावं.

गिरणीवाला मग हळू आवाजात म्हणाला, "वयनी, आपली सोयरीक व्हायचीया. येवढं ध्यानात असू द्या."

आत्याबाई थांबल्या. मी शेजारीच होते, मला दिसलं. डब्याच्या कडीवर त्यांची बोटं घट्ट झाली, ओठ हलले, आणि क्षणभर मला वाटलं, सुटलो. डबा उचलतील आणि देतील त्याच्या हातात. खाली ती बाई अजून दाणेच वेचत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"सोयरीक तिच्या जागी," आत्याबाई म्हणाल्या. "टाक म्हनते ना."

मागच्या बायकांनी भराभर आपले डबे रांगेतून काढून घेतले. फक्त एक कोकणातली भाडेकरू होती, तिनं आपला डबा आमच्या डब्यामागं सरकवला आणि म्हणाली, "माझो पण तेंच्या मागसून घाला. माझ्या घोवाची शिफ्ट आसा." इतकं साधं म्हणाली, जणू काही झालंच नाही. गिरणीवाल्यानं दळलं. आधी परभणीच्या बाईचं, त्यावर आमचं, त्यामागं कोकणातलीचं. डबा आमच्याकडं देताना तो एकच शब्द बोलला, "बघतो." परभणीची बाई पीठ घेऊन निघाली, दारात वळून "येते माय" म्हणाली आणि गेली.

घरी येऊन आत्याबाईंनी डबा नणंदेपुढं ठेवला आणि त्या परसात शेळ्यांकडं निघून गेल्या. झालं ते मी नणंदेला सांगितलं. तिनं परातीत पीठ घेतलं होतं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. "आईला काय येड लागलंय का गं वयनी?" ती म्हणाली. "दुनियेचं लई पडलंय तिला, आन् माझं?" आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. मग डोळे पुसले, पीठ मळलं आणि भाकरी थापल्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

गोष्ट गावभर झाली, आणि त्यातल्या त्यात म्हशीची गोष्ट जास्त झाली. बौद्ध वस्तीतली पोरं गिरणीवाल्याच्या दारावरून जाताना "म्हैस बाटली का?" म्हणून ओरडायला लागली. माणूस वैर विसरेल, पण हसं झालेलं विसरत नाही. दोनचार दिवसांत निरोप आला, पाहुणे बोलायला येतायत.

आले. मुलाचा बाप, त्याचा एक भाऊ, गिरणीवाला आणि गावातले एक म्हातारे कारभारी. ओसरीवर घोंगडी अंथरली. मामंजी भिंतीला टेकून बसले, माझे मालक दारात उभे. मी आणि नणंद आत, दाराच्या फटीशी. कारभाऱ्यांनी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, झालं गेलं, बाईमाणूस आहे, रागाच्या भरात बोलून गेली. पाहुण्यांचं मन मोठं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की ते पीठ घरात कुणी खाल्लं नाही, जनावरांना घातलं, असं चार माणसांत सांगा. विषय संपला.

मामंजी लगेच म्हणाले, "जनावरांस्नीच घातलं."

"तुमी न्हाई," मुलाचा बाप म्हणाला. "ज्यांनी आनलं त्यांनी सांगावं. आन् पोरीनं तोंडाला लावलं न्हाई, हे पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगावं. माझ्या घरात यायची हाय ती."

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली तर ते लेकरू जगत नाही, असं आमच्याकडं मानतात. आत्याबाई तर अशा गोष्टींना फार मानायच्या. त्यांची दोन मुलं लहानपणीच गेलेली. आता सांगा, त्या बाईनं काय करायचं? खरं सांगावं तर लग्न मोडतं, खोटं सांगावं तर पोरीच्या जिवावर बेतणार.

नणंदेला बोलावणं आलं. तिच्या हातात चहाचा ट्रे होता, मीच दिला होता. ती बाहेर गेली, ट्रे खाली ठेवला आणि आईपुढं बसली. आत्याबाईंनी हात उचलला. त्यांनी हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. डोळे मिटले. आणि बोलायला लागल्या, "ते पीठ आमी..."

नणंदेनं डोकं हाताखालून काढून घेतलं.

"आमी खाल्लं," ती म्हणाली. "भाकरी म्या केल्या, ह्या हातानं थापल्या. आबांनी खाल्ल्या, दादानं खाल्ल्या, वयनीनं खाल्ल्या, म्या दोन खाल्ल्या. रोजच्यासारख्याच लागल्या. च्या घ्या, गार व्हतोय."

कुणी चहा घेतला नाही. पाहुणे उठले, टोप्या सारख्या केल्या आणि चपला घालून चालू लागले. गिरणीवाला जाता जाता मामंजींना म्हणाला, "आईवर गेलीया पोरगी. सांभाळा आता घरातच." मामंजींनी मान हलवली, जणू त्यानं काही चांगलंच सांगितलं. पाहुणे दिसेनासे झाल्यावर आत्याबाईंनी पोरीच्या अशी थोबाडीत मारली की ती भिंतीवर गेली. मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी ट्रेमधला चहा मोरीत ओतला.

त्यानंतर एके दुपारी ती परभणीची बाई आमच्या अंगणात आली. कडेवर पोर. तिला कुठूनतरी कळलं होतं. ओसरीच्या खालीच उभी राहिली. म्हणाली, "माय, आमच्यापायी झालं म्हनतेत. आमी जायलावत इथून. देहूरोडकडं खोली बगितलीय. आमी गेल्यावर तरी जुळंल का लेकीचं?"

"तू कुठं चाललीस?" आत्याबाई म्हणाल्या. "तू जाऊन काय व्हनार हाय? बस जरा." आणि मला हाक मारली, "च्या कर गं."

मी चहा केला आणि अडले. कोनाड्यातला कप घ्यायचा की घरातला? विचारायची सोय नव्हती, ती समोर बसलेली. मी घरातला घेतला. जीव मुठीत धरून नेला. आत्याबाईंनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दुसरा कप आपल्या हातात घेतला. दोघी चहा प्यायल्या. पोराला आत्याबाईंनी गुळाचा खडा दिला. बाई कप विसळायला उठली, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." ती गेल्यावर तो कप त्यांनी स्वतः घासला. राखेनं एकदा घासला, पुन्हा राख घेतली आणि पुन्हा घासला. मी बघत होते. घासून झाल्यावर तो हातात धरून थोडा वेळ बसल्या आणि मग आमच्याच कपांत नेऊन ठेवला.

ते कुटुंब गेलं. कोकणातल्या बाईला तिच्या घरमालकानं खोली सोडायला लावली, तीही गेली. आमचं दळण गिरणीवाल्यानं बंद केलं. मग माझे मालक सायकलच्या कॅरियरला डबा बांधून पिंपरी कॅम्पात जायचे. तिथं एका सिंधी म्हाताऱ्याची गिरणी होती. तो कुणाला काही विचारायचा नाही, डबा ठेवा आणि थांबा. गावातल्या गिरणीत मात्र काहीच बदललं नाही. बाहेरचा दगड तसाच, सकाळची भरड तशीच. आपल्याला वाटतं एकदा कुणी बोललं की फरक पडतो. कप्पाळ पडतो! बरीच वर्षं गेली, कंपन्यांच्या वसाहतींत दुसऱ्या गिरण्या निघाल्या, याच्याकडं कुणी येईना, तेव्हा तो सगळ्यांचे डबे आत घ्यायला लागला. ते पोटासाठी, दुसरं काही नाही.

आणि माझी नणंद. तिला गावात "पिठाची पोर" म्हणायला लागले. स्थळ आलं की कुणीतरी आधीच जाऊन कान भरायचं. माझे मालक चपला झिजवून थकले. एक दोन ठिकाणी जमत आलं आणि पाहुणे वाटेतूनच परत फिरले. तिच्या बरोबरीच्या पोरी माहेरपणाला येऊन, बाळंत होऊन गेल्या. ती घरातलं सगळं करायची, माझी मुलं तिनंच वाढवली, पण बोलणं अगदी कमी झालं तिचं. शेवटी राजगुरुनगरच्याही पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक बिजवर मिळाला. पहिली बायको गेलेली, पोरं होती, माणूस प्यायचा. आम्हाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. तरी दिली. पोरगी घरात ठेवून करायचं काय, असं जो तो म्हणत होता, आणि मीही त्यांच्यासारखंच म्हणत होते. मंडपात ती एकदाही रडली नाही, आत्याबाईच रडल्या.

नळ नव्हता तिथं. विहीर होती, तीही खाली उतरून. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा हातावर डाग होते. विचारलं तर म्हणाली, चुलीचे. चुलीचे डाग असे बोटांसारखे उठत नाहीत, एवढं मला कळत होतं. पुढच्या वर्षी आली ती सणाला नाही, मधेच, एसटीनं एकटी. उजवा हात कोपरापासून फळी लावून बांधलेला, तोंड सुजलेलं. माझे मालक बाहेर जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, राहा आता इथंच, जाऊ नकोस. तर म्हणाली, "पोरं वाट बगत असत्याल. त्यास्नी मीच हाय." त्या सवतीच्या पोरांबद्दल बोलत होती. मला इतका संताप आला! तिचा, त्या माणसाचा, गिरणीवाल्याचा, आमचा स्वतःचा, कुणाकुणाचा म्हणून सांगू?

आत्याबाई तोवर थकल्या होत्या, नीट दिसायचं नाही त्यांना. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि मला ताट वाढायला सांगितलं. तिचा हात बांधलेला, म्हणून आत्याबाईंनीच भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि तिला भरवायला लागल्या. एक घास, दोन घास. मी चुलीपाशी होते.

भरवता भरवता आत्याबाई बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं.

"मी घेत व्हते की शपथ. पाप लागलं असतं तर मला लागलं असतं. तुला जरा येळ गप बसता आलं न्हाई?"

नणंदेनं तोंडातला घास चावून गिळला.

"तुला गिरनीत आलं व्हतं का?" ती म्हणाली.

आत्याबाईंचा हात घास घेऊन तसाच राहिला. तो पुढं जाईना की खाली येईना. मग नणंदेनंच मान पुढं केली आणि त्यांच्या बोटांतून तो घास घेतला.